ऑर्गनचा स्पीकर फरफरतो, खरखरतो, मध्येच गप्प होतो: नवा घेण्याआधी हे तपासा

जुना इलेक्ट्रिक ऑर्गन दुरुस्तीला येतो तेव्हा सोबत निदानही आलेलं असतं: "स्पीकर गेलाय, बदलून द्या." मी हे काम बरीच वर्षं करते आहे. सुरुवातीला मी या वाक्यावर विश्वास ठेवायचे. एकदा साठच्या दशकातला एक ट्रान्झिस्टर ऑर्गन आला, बारा इंची स्पीकर जळालेला. त्याच मापाचा दुसरा बसवला, वाजवून पाहिला, आवाज छान आला, मागची फळी लावून दिली. तिसऱ्या दिवशी ऑर्गन परत आला. नव्या स्पीकरच्या कॉइललाही (कोनामागच्या तारेच्या वेटोळ्यालाही) तोच जळका वास. दोष अॅम्प्लिफायरमध्ये होता, आणि तो न शोधताच मी त्याच्या तोंडी दुसरा स्पीकर दिला होता. ती चूक मला आजही सलते, कारण त्या मापाचे, त्या काळातले स्पीकर सहज मिळत नाहीत.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. दोष स्पीकरवर सगळ्यात शेवटी ठेवायचा. आणि तो खरंच मेला असेल, तर त्याला कशानं मारलं हे कळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही.

इथे ऑर्गन म्हणजे भात्याचा नव्हे. हॅमंड, लोरी, फार्फिसा, यामाहा इलेक्टोन या घराण्यातला, विजेवर चालणारा आणि स्पीकर पोटातच असलेला (किंवा शेजारी वेगळ्या पेटीत ठेवलेला) ऑर्गन.

लक्षणं

आधी दहा मिनिटं नुसतं ऐका. एकच साधा बासरीसारखा आवाज निवडा, ट्रेमोलो, व्हायब्रेटो, रिव्हर्ब सगळं बंद करा आणि खालून वर एकेक पट्टी दाबत जा. प्रत्येक सूर दोन सेकंद धरून ठेवा. मग हेच आवाज अगदी कमी ठेवून करा. नंतर मोठा ठेवून. कोणत्या सुरावर काय झालं ते कागदावर लिहा. हा कागद पुढे तुमचा बराच वेळ वाचवतो.

एकाच सुरावर, फार तर शेजारच्या दोन सुरांवर कुरकुर होते आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर बहुधा लाकूड, काच, जाळी किंवा एखादा सैल स्क्रू त्या सुराला थरथरतो आहे. स्पीकरचा संबंध नाही.

सगळाच खर्ज फरफरतो, पायानं वाजवायचं खर्जाचं पेडल दाबलं की जास्त, आणि वरची सप्तकं स्वच्छ असतील, तर कोन (स्पीकरचा हलणारा कागदी शंकू) फाटलाय, त्याची कड सुटलीये किंवा स्पीकरच फळीवर सैल झालाय.

अगदी हळू वाजवतानाही वाळूवर घासल्यासारखा आवाज येत असेल, तर व्हॉइस कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. पण सावध राहा: ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरचा बायस (ट्रान्झिस्टरांना सतत दिलेला थोडासा प्रवाह) बिघडला तरी हळू आवाजात अशीच खरखर येते आणि आवाज वाढवला की लपते. दोन्हींतला फरक पुढे हातानं तपासता येतो.

आवाज मध्येच जातो, ठोका दिला की येतो: स्विच, जॅक, प्लग किंवा स्पीकरची लवचीक वायर.

आवाज पातळ झालाय, खर्जात जीव नाही: दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध जोडले गेलेत किंवा कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) सुकलेत.

बासरीचे रजिस्टर (आवाजांचे प्रकार) वाजतात पण तंतुवाद्यांचे आणि रीडचे नाहीत (किंवा उलट): एक पूर्ण चॅनल बंद आहे. पुष्कळ ऑर्गनांमध्ये हे दोन गट वेगळ्या अॅम्प्लिफायरमधून वेगळ्या स्पीकरला जातात.

काहीही न वाजवता सतत एकसुरी घूं घूं येत असेल, तर ती तक्रार या लेखातली नाही. विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट, म्हणजे १०० किंवा १२० हर्ट्झचा तो घूं बहुतेक वेळा पॉवर सप्लायचे जुने कपॅसिटर सांगत असतात. स्पीकर बदलून तो जात नाही.

न उघडता होणाऱ्या तपासण्या

पहिला संशयित हेडफोनचा जॅक. यात पिन घातली की स्पीकरकडे जाणारा संपर्क तुटतो, काढली की जुळतो. पन्नास वर्षांत त्या पत्र्यावर काळा थर चढतो आणि पिन काढल्यावरही संपर्क नीट जुळत नाही. ऑर्गन बंद करून पिन वीस-तीस वेळा आत-बाहेर करा. आवाज परत आला तर संपर्क साफ करणारा स्प्रे मारून पुन्हा तेच करा. "स्पीकर मेला" म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी ऑर्गनांचा आजार इथेच संपला आहे, म्हणून हे मी कधीच गाळत नाही.

मग आवाजाचं पेडल. पायाखालची धूळ सगळी याच्यात जाते. काहींमध्ये फिरता रेझिस्टर असतो, काहींमध्ये छोटा दिवा आणि प्रकाश ओळखणारा रेझिस्टर. दिवा गेला तर काही ऑर्गन जवळजवळ मुके होतात आणि माणूस स्पीकर उघडत बसतो. पेडल हळूहळू पूर्ण दाबा, सोडा. कुठल्या तरी एका जागी खरखर झाली किंवा आवाज उडाला, तर दोष पेडलचा.

कुरकुरीसाठी ऑर्गनवर ठेवलेलं सगळं उतरवा: वह्या, फ्रेम, दिवा. तो तक्रारीचा सूर दुसऱ्या कोणाला तरी धरून ठेवायला सांगा आणि तुम्ही तळहातानं एकेक भाग दाबत फिरा: वरचं झाकण, पट्ट्यांच्या कडेचे ठोकळे, मागची फळी, स्पीकरसमोरची कापडी चौकट. हात ठेवल्यावर कुरकुर थांबली की जागा सापडली. मागच्या फळीचे स्क्रू घट्ट करा, काचेखाली नमद्याची पट्टी द्या. एका ऑर्गनमध्ये पट्ट्यांच्या फटीतून आत पडलेलं नाणं स्पीकरच्या फळीवर उभं राहिलं होतं आणि फक्त खर्जातल्या एका सुरावर नाचत होतं. ते हातात घेतलं तेव्हा त्याची कड घासून चकचकीत झाली होती.

मागची फळी उघडण्याआधी

प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आत काचेच्या व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असत तशा नळ्या) दिसत असतील तर तिथे ३०० ते ४०० व्होल्ट डीसी खेळत असतं आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतं. अॅम्प्लिफायरच्या चेसिसखाली (धातूच्या सांगाड्याखाली) हात घालायची गरज तुम्हाला या लेखात कुठेही पडणार नाही, आणि घालूही नका. आपलं काम स्पीकरच्या दोन वायरींपर्यंत.

वायरी मोजा. साध्या स्पीकरला दोन जातात. जुन्या, मुख्यतः व्हॉल्व्हच्या काळातल्या ऑर्गनमध्ये स्पीकरला चार किंवा जास्त वायरी जाताना दिसल्या, चुंबकाच्या जागी मोठा डबा असेल, तर तो फील्ड कॉइल स्पीकर असू शकतो. त्यात कायमचं चुंबक नसतं. पॉवर सप्लायचा प्रवाह एका मोठ्या कॉइलमधून जाऊन चुंबक तयार करतो, आणि तीच कॉइल सप्लायचा घूं गाळण्याचंही काम करते. त्या वायरींवर जीव घेईल इतकं व्होल्टेज असतं. शिवाय असा स्पीकर काढून त्या जागी साधा लावला तर सप्लायची साखळीच तुटते. फील्ड कॉइल दिसला की इथेच थांबा आणि व्हॉल्व्ह उपकरणांची दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा. स्पीकर जुनाच ठेवून त्याला नवा कोन बसवून घेणं हाच त्यावरचा चांगला उपाय.

व्हॉल्व्हच्या ऑर्गनबद्दल आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: स्पीकर सुटा असताना तो कधीही चालू करू नका. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्यात व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. तो ट्रान्सफॉर्मर स्पीकरपेक्षा कितीतरी महाग आणि दुर्मीळ. ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरला स्पीकर नसणं सहसा चालतं, पण त्याच्या वायरी एकमेकींना टेकलेल्या चालत नाहीत. सुट्या टोकांना लगेच टेप लावायची सवय ठेवा.

डोळ्यांनी आणि हातानं

टॉर्च कोनाच्या मागच्या बाजूनं आडवी धरा आणि खोली अंधारी करा. कोनाला बारीक चीर असली तरी उजेड पलीकडे दिसतो. समोरून पाहून कधीच न दिसलेल्या चिरा मला अशा सापडल्या आहेत.

कोनाची कड बोटानं हळूच चाचपून पाहा. जुन्या स्पीकरांची कड बहुधा घड्या घातलेल्या कागदाची किंवा कापडाची असते आणि ती साठ वर्षंही टिकते. सत्तरच्या दशकापासून फोमची कड आली. हवेतल्या दमटपणानं तो फोम आतून तुटत जातो, स्पीकर वापरात नसला तरी. बोट लावताच चिकट भुगा हाताला आला तर निदान झालं.

आता दोन्ही हातांची बोटं कोनाच्या मध्याभोवती सारख्या अंतरावर पसरा आणि कोन सरळ आत दाबा, दोन-तीन मिलिमीटर, अगदी हळू. सोडा. कान जवळ ठेवा. काहीच ऐकू येऊ नये. कागदावर नख ओढल्यासारखा आवाज आला किंवा कोन अडखळला, तर कॉइल घासते आहे. एका बाजूनं जास्त दाबलं तर चांगला स्पीकरही घासतो, म्हणून बोटांचा दाब सारखा हवा. अॅम्प्लिफायरच्या खरखरीपासून हा दोष वेगळा ओळखायचा तो इथे: वीज नसतानाही जी खरखर होते ती स्पीकरचीच.

मधली टोपी चेपलेली असली तर काळजी नको. दिसायला वाईट, आवाजाला फारसा फरक नाही.

मल्टिमीटर आणि एक सेल

स्पीकरची एक वायर सोडवा, मगच मोजा. हे का, ते सांगते. व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकर ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्याला जोडलेला असतो, आणि त्या वेटोळ्याचा रोध एक ओहमच्याही आत असतो. वायर न सोडता मोजलंत तर मीटर जवळजवळ शून्य दाखवेल आणि चांगला स्पीकर शॉर्ट झाला म्हणून फेकला जाईल.

मीटरवर दिसणारा आकडा स्पीकरवर छापलेल्यापेक्षा कमी असतो, घाबरू नका. ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते सात दाखवतो, १६ ओहमचा अकरा ते तेरा, ४ ओहमचा तीन-साडेतीन. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोधही त्यात मिसळतो, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकींना टेकवून तो पाहून घ्या. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल किंवा तिची वायर तुटली आहे. कोन हलवताना आकडा उड्या मारत असेल तर ती वायर तुटायच्या बेतात आहे. अपेक्षेच्या निम्मा आकडा आला तर कॉइलचे वेढे जळून एकमेकांना चिकटलेत.

त्यानंतर दीड व्होल्टचा साधा सेल. दोन वायरी स्पीकरच्या टोकांना क्षणभरच टेकवा. खालच्या सुरातला स्वच्छ "ठप्" ऐकू यायला हवा आणि कोन पुढे यायला हवा. पुढे आला की सेलची धन बाजू जिथे होती ते स्पीकरचं धन टोक, तिथे खूण करा. काही जुन्या कंपन्यांचे स्पीकर उलटे बांधलेले असतात, त्यामुळे रंगावर विसंबू नका, कोनाची हालचाल पाहा. दोन स्पीकर एकत्र वाजत असतील तर दोघांचे कोन एकाच वेळी एकाच दिशेनं जायला हवेत. एक पुढे आणि एक मागे गेला की दोघे मिळून खर्ज खाऊन टाकतात. मागच्या दुरुस्तीत कोणीतरी वायरी उलट लावल्या, आणि मग वर्षानुवर्षं ऑर्गन पातळ वाजत राहिला, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

अदलाबदल

इथपर्यंत निदान झालं नसेल तर हा निवाडा करणारा टप्पा. दोन चॅनलचा ऑर्गन असेल आणि दोन्ही स्पीकर एकाच ओहमचे असतील, तर ऑर्गन बंद करून त्यांच्या वायरी आपसांत बदला. दोष स्पीकरबरोबर गेला तर स्पीकर दोषी, त्याच चॅनलला चिकटून राहिला तर अॅम्प्लिफायर दोषी. एकच चॅनल असेल तर तितक्याच ओहमचा दुसरा कोणताही चांगला स्पीकर थोड्या वेळासाठी जोडा आणि कमी आवाजात ऐका.

पण ट्रान्झिस्टरचा ऑर्गन असेल आणि त्याच्या स्पीकरची कॉइल तुटलेली किंवा जळालेली निघाली असेल, तर कोणताही चांगला स्पीकर जोडण्याआधी पुढचा भाग वाचा.

कशानं मारलं?

ट्रान्झिस्टरच्या जुन्या अॅम्प्लिफायरांत एकाच सप्लायवर चालणारी रचना खूप असते. तिच्यात आउटपुटच्या टोकावर सप्लायच्या साधारण निम्मं डीसी व्होल्टेज कायम उभं असतं, आणि एक मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ते स्पीकरपासून अडवतो. त्या कपॅसिटरनं जीव टाकला की डीसी सरळ कॉइलमध्ये घुसतं. कोन एका बाजूला खेचला जातो, तिथेच थांबतो, आणि कॉइल भाजत राहते. माझ्याबरोबर जे झालं ते हेच.

तपासायचं असं. स्पीकर काढा, त्या जागी ८ ते १० ओहमचा, निदान दहा वॉटचा रेझिस्टर जोडा. ऑर्गन चालू करा, काही वाजवू नका, आणि रेझिस्टरच्या दोन टोकांवर मीटर डीसीला लावा. रेझिस्टर न लावता मोजलंत तर कपॅसिटरच्या नगण्य गळतीमुळेही मीटर काही व्होल्ट दाखवू शकतो आणि तुमची दिशाभूल होते. रेझिस्टरवर ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. शंभरच्या पुढे गेलं तर मला चैन पडत नाही. एखादा व्होल्ट किंवा जास्त असेल तर तिथे कोणताही स्पीकर लावायचा नाही. ही तपासणी करताना ऑर्गन उघडा आणि चालू असतो, मुख्य विजेच्या वायरी जवळच असतात. चालू उपकरणात मोजमाप करायची सवय नसेल तर हे काम जाणकाराला द्या. डीसी निघालं तर अॅम्प्लिफायरची दुरुस्ती त्याच्याकडेच.

व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर डीसी पुढे जाऊच देत नाही. तिथे स्पीकर मरतो तो बहुधा वयानं, उंदरानं किंवा कोणाच्या तरी स्क्रू ड्रायव्हरनं.

दुरुस्त होण्यासारखं काय

स्पीकर काढायचा असेल तर त्याआधी त्याच्या कोनावर जाड पुठ्ठा अडकवा. चुंबक स्क्रू ड्रायव्हरला खेचतं, हात निसटतो आणि टोक कोनातून आरपार जातं. चांगल्या कोनाला पडलेली बहुतेक भोकं अशीच पडलेली असतात. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे सैल करत जा, नाहीतर चौकट पिळवटते. काढलेला स्पीकर लोखंडाचा भुगा असलेल्या टेबलावर ठेवू नका. एक कण फटीत गेला की ती खरखर तुमच्या हातानं जात नाही.

लवचीक वायर तुटणं हा मला सगळ्यात जास्त भेटणारा, आणि सगळ्यात समाधान देणारा दोष. टर्मिनलपासून कोनापर्यंत दोन विणलेल्या वायरी झुलत असतात. आतला गाभा सुताचा, त्यावर तांब्याच्या पातळ पट्ट्या. लाखो वेळा वाकून त्या एका टोकाशी तुटतात, बहुधा कोनावरच्या डागापाशी. बाहेरून सूत शाबूत दिसतं, म्हणून डोळ्यांना फसवतं. चिमट्यानं हळूच ओढून पाहा. दुरुस्तीला स्पीकरसाठी मिळणारी तशीच विणलेली वायर वापरा. साधी तांब्याची वायर काही दिवसांत तुटेल, आणि तोवर कोनाला ओढत राहील. डाग पटकन द्या, दोन सेकंदांत. सोल्डर वायरीत वर चढलं की तो भाग कडक होतो आणि नेमका तिथेच पुढच्या वेळी तुटतो. लांबी जुन्याइतकीच ठेवा: तोकडी झाली तर कोन अडेल, लांब झाली तर कोनाला आपटून फरफर करेल.

कोनाची चीर. मला लागतं ते इतकंच: पातळ टिश्यू कागद, सुताराचा पांढरा गोंद निम्मं पाणी घालून, आणि एक मऊ कुंचला. टिश्यूचा तुकडा कात्रीनं कापायचा नाही, फाडायचा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि कोनाच्या कागदात मिसळून जातात. चिरेच्या दोन्ही ओठांना मागून बोटाचा आधार द्या, समोरून गोंदाचा एक पातळ हात, त्यावर टिश्यू ठेवा, पुन्हा कुंचल्यानं गोंद. टिश्यू ओला होऊन पारदर्शक होतो आणि खालच्या कागदाचा पोत त्यातून दिसायला लागतो, तेव्हा हात थांबवायचा. पूर्ण सुकू द्या, मग मागूनही तसंच करा. कोन ओला असताना मऊ पडतो, त्या वेळी तो दाबला तर वाकडा सुकतो. रात्रभर हात लावू नका. इपॉक्सी, झटपट चिकटणारा गोंद, चिकटपट्टी यांपैकी काही नको. कडक ठिगळ कोनाला त्या जागी जड करतं आणि त्याच्या कडेनं नवी चीर जाते. घडीच्या कडेवर चीर असेल तर सुकल्यावरही लवचीक राहणारा रबरी गोंद घ्या, पांढरा नको.

फोमची कड गेली असेल तर कोनाचा आणि घडीचा व्यास मोजून तयार कड मिळते. जुना भुगा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढायला जितका वेळ लागेल तितका द्या, बाकी काम सोपं आहे. नवी कड आधी कोनाला चिकटवा. चौकटीला चिकटवताना कोन मध्यभागी असणं महत्त्वाचं: स्पीकरला ३० हर्ट्झच्या आसपासचा अगदी हळू सूर द्या, कोन हलत असताना खरखर नाही ना ऐका, आणि गोंद धरेपर्यंत कड हळूहळू दाबत फिरा.

कॉइल घासत असेल तर एकच सोपा प्रयोग करण्यासारखा आहे. उभ्या फळीवर बसवलेला जड कोन वर्षानुवर्षांच्या वजनानं खाली झुकतो. स्पीकर काढून अर्धा वळसा फिरवून, वरची बाजू खाली करून पुन्हा बसवा. काही वेळा घासणं जातं. गेलं नाही तर कॉइल वाकडी झालेली आहे किंवा फटीत काहीतरी आहे. चुंबकाचा भाग मात्र उघडू नका. जुन्या स्पीकरांत अल्निको चुंबक असतं, आणि त्याचं मंडल उघडलं की त्याची ताकद कायमची घटते. जळालेली कॉइल, घासणारी कॉइल, अर्धा कोन नाहीसा झालेला: या तिन्हींसाठी नवा कोन आणि कॉइल बसवणारा कारागीर हवा. जुनी चौकट आणि चुंबक शाबूत असेल तर मी बदलण्यापेक्षा हाच मार्ग घ्यायला सांगते. ऑर्गनचा तो ओळखीचा आवाज त्याच चौकटीत परत मिळण्याची शक्यता यात सगळ्यात जास्त.

बदलावाच लागला तर

इंच आणि ओहम जुळले की काम झालं असं वाटतं. इथेच लोक फसतात. आठ फुटी रजिस्टरचा (फुटांचं हे नाव पाइप ऑर्गनच्या नळीच्या लांबीवरून आलंय) सगळ्यात खालचा सा, म्हणजे पाश्चात्त्य सी, ६५ हर्ट्झच्या आसपास असतो आणि सोळा फुटी पेडलचा ३२.७. गिटारसाठी बनवलेला बारा इंची स्पीकर मापाला अगदी बसतो, दिसायलाही तसाच, पण त्याचा अनुनाद (ज्या वारंवारतेला कोन आपोआप सगळ्यात जास्त हलतो ती) साधारण ७५ ते १०० हर्ट्झमध्ये असतो. त्याखाली तो उतरत जातो. मधली सप्तकं खणखणीत, आणि पेडलमध्ये नुसता श्वास. उलट, बंद पेटीसाठी बनवलेला आधुनिक वूफर खाली जाईल असं वाटतं, पण त्याला पेटीतल्या हवेचा आधार लागतो. मागची फळी लावली तरी ऑर्गनची पाठ हवेला उघडीच असते. तिथे खालच्या सुरांवर त्याचा कोन बेफाम हलतो आणि कॉइल आपटते. उघड्या पाठीला चालणारा, कमी अनुनादाचा, बऱ्यापैकी ताठ कोनाचा स्पीकर शोधा. संवेदनशीलताही (एका वॉटला तो किती मोठा वाजतो) पाहा. ती ३ डेसिबलनं कमी असली तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॉट लागतात, आणि जुन्या ऑर्गनच्या अॅम्प्लिफायरकडे ते शिल्लक नसतात.

ओहम व्हॉल्व्हच्या ऑर्गनला नेमका जुन्याइतकाच. ट्रान्झिस्टरला जास्त चालतो, आवाज थोडा कमी येतो. कमी मात्र कधीच नाही, ट्रान्झिस्टर जळतील.

जुना स्पीकर कोणी आणि केव्हा बनवला हे अमेरिकी बनावटीच्या चौकटीवर उमटवलेल्या आकड्यात सापडतं. २२० नं सुरू झालं तर जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, १३७ सीटीएस, २८५ रोला, ३२८ यूटा. पुढे वर्ष आणि शेवटचे दोन आकडे आठवड्याचे. २२०६२४ म्हणजे जेन्सन, सहानं संपणारं वर्ष, चोविसावा आठवडा. ते १९५६ की १९६६ हे ऑर्गनच्या वयावरून ठरवायचं. हा आकडा घेऊन शोधलं तर जोडीचा स्पीकर मिळायची आशा वाढते.

घेण्याआधी चुंबकाची खोली मोजा. नवं फेराइट चुंबक रुंद असतं आणि शेजारच्या आधाराला किंवा रिव्हर्बच्या पेटीला अडतं. रिव्हर्बच्या पेटीजवळ मोठं चुंबक नकोच.

फिरत्या स्पीकरची वेगळी पेटी असेल तर

लेस्लीच्या १२२ सारख्या पेटीत पंधरा इंची खर्जाचा स्पीकर खाली तोंड करून बसवलेला असतो आणि त्याखाली लाकडी ढोल फिरतो. कोन आडवा असल्यामुळे इथे अर्धा वळसा फिरवण्याचा उपयोग नाही. वर दोन कर्णे फिरताना दिसतात, पण आवाज एकातूनच येतो. दुसरा फक्त तोलासाठी आहे, त्यामुळे "एक कर्णा बंद पडलाय" ही तक्रार असेल तर निश्चिंत व्हा. फरफर ऐकू आली तर आधी फिरणं थांबवून तोच सूर वाजवा. थांबल्यावर गेली तर ढोलावरचं सैल कापड, पट्टा किंवा बेअरिंग बघा. वरचे सूर गेले असतील तर ८०० हर्ट्झला आवाज वाटणारं क्रॉसओव्हर आणि कर्ण्याचा ड्रायव्हर हे दोन संशयित. सहा पिनांच्या जोडणीच्या वायरीत मुख्य वीज धावते, तिच्या पिना चालू असताना कधीच काढू-घालू नका. ती वायर कुठे सोललेली असेल तर स्वतः टेप गुंडाळू नका, वायरच बदलून घ्या.

कधी हात थांबवायचा

फील्ड कॉइल दिसला. रेझिस्टरवर डीसी निघालं. फ्यूज लावताच पुन्हा उडतो. ऑर्गनच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. व्हॉल्व्हच्या चेसिसखाली काही जळाल्याचा वास आहे. ट्रान्सफॉर्मरमधून मेणासारखं काही ओघळलंय. यातलं एकही असेल तर प्लग काढून ठेवा आणि जुन्या व्हॉल्व्ह किंवा ऑर्गनचं काम करणाऱ्याला बोलवा. त्याला तो कागद दाखवा, कोणत्या सुरावर काय होतं तो. आणि काढलेला जुना स्पीकर, कितीही फाटका असला तरी, टाकू नका. पुठ्ठ्यात गुंडाळून ऑर्गनबरोबरच ठेवा. नवा कोन कधीही बसवता येतो, चौकट पुन्हा मिळत नाही.

स्पीकर बसवून झाला की स्क्रू आधी बोटानं, मग समोरासमोरच्या जोडीनं, थोडे थोडे आवळा. पहिला अर्धा तास कमी आवाजात वाजवा. मग खालचा सूर धरून पुन्हा एकदा तळहात फिरवा. आठवड्यानं स्क्रू परत तपासा: कडेखालची पट्टी नवी असेल तर ती दबते, स्क्रू सैल होतात, आणि तीच फरफर पुन्हा ऐकू येते.